पाच गिनींचा न्याय

आपल्या देशात क्रिकेटपटूंना देव करून ठेवण्याची प्रथा आहे. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती बळी घेतले, हे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. परंतु मैदानावर मिळवलेली कीर्ती घेऊन जो थेट न्यायालयात गेला आणि आपल्या कातडीच्या रंगावरून आपला अपमान का झाला, असा जाब ज्याने साम्राज्याच्या राजधानीत विचारला, त्या लिअरी कॉन्स्टंटाईन यांचे नाव आपल्याकडील क्रिकेटवेड्यांना क्वचितच ठाऊक असते. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनाही ते केवळ वेस्ट इंडिजचा एक जुना अष्टपैलू खेळाडू म्हणून. चळवळीच्या वाचकांना मात्र हा माणूस वकील म्हणून आणि लढवय्या म्हणून ठाऊक असला पाहिजे, असे आमचे मत आहे. कारण त्यांची लढाई आणि आपली लढाई यांत सात समुद्रांचे अंतर असले तरी शत्रूची जात एकच होती.

लिअरी कॉन्स्टंटाईन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०१ रोजी त्रिनिदाद बेटावर झाला. हे बेट तेव्हा इंग्रजांची वसाहत होते. आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेल्या माणसांच्या घामावर तेथील मळे उभे राहिले. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी रद्द झाली, प्रत्यक्ष सुटका व्हायला १८३८ साल उजाडले. मग मळ्यांवर राबायला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १८४५ पासून आपल्याच देशातून करारबद्ध मजूर जहाजांत भरून तेथे नेण्यात आले. कॉन्स्टंटाईन हे गुलामांचे वंशज. त्यांच्या आजोबा-आजीच्या पिढीने गुलामी अंगावर भोगलेली. वडील लेब्रून हे कोकोच्या मळ्यावर मुकादम होते आणि उत्तम क्रिकेट खेळत. १९०० साली वेस्ट इंडिजच्या संघात इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली, पण जाण्यापुरते पैसे गाठीला नव्हते. अखेर लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवले. त्याच दौऱ्यात या मुकादमाने लॉर्ड्सच्या मैदानावर शतक ठोकले. इंग्लंडमध्ये शतक काढणारे ते पहिले वेस्ट इंडियन खेळाडू होत.

अशा घरातला हा मुलगा. शालेय शिक्षण आटोपून १९१७ साली तो पोर्ट ऑफ स्पेन शहरातील एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. कायद्याशी त्याचा संबंध आला तो असा, कागद नकलण्यापासून. काळ्या कारकुनाने कितीही हुशारी दाखवली तरी त्या काळात त्याला त्या धंद्यात फार वर चढता येत नसे. वकील होण्यासाठी इंग्लंडला जावे लागे आणि त्याला पैसा लागे. तो गोऱ्यांकडे होता, थोडाफार गव्हाळ मध्यमवर्गाकडे होता.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्रिनिदादमधील क्रिकेट क्लब कातडीच्या छटेप्रमाणे लावलेले होते. क्वीन्स पार्क हा धनवान गोऱ्यांचा. शॅमरॉक हा जवळजवळ सगळ्या कॅथलिक गोऱ्यांचा. मेपल हा उजळ रंगाच्या मध्यमवर्गीयांचा, तेथे काळ्या माणसाला सहसा दार बंद. शॅनन हा काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा, म्हणजे शिक्षक आणि कारकुनांचा. आणि स्टिंगो हा कष्टकऱ्यांचा. सर्वांत वर गोरे, त्याखाली त्यांच्याहून थोडे कमी गोरे, आणि असे करत करत तळाशी काळा मजूर. ज्यांना बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता कळते, त्यांना हे क्लब समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे एकेक जात म्हणजे जिन्यावाचूनचा एकेक मजला आहे. तेथे रंगाच्या छटांचे मजले होते, इतकाच काय तो फरक. कॉन्स्टंटाईन शॅननमध्ये गेले. शॅननची माणसे नुसता खेळ म्हणून खेळत नसत. वरच्या मजल्यावरच्यांना हरवायचेच, अशा जिद्दीने ती मैदानात उतरत.

१९२३ साली कॉन्स्टंटाईन प्रथम इंग्लंडला गेले आणि १९२८ च्या दौऱ्यात त्यांनी इंग्लंड गाजवले. त्या एका मोसमात त्यांनी हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळी घेतले. लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध ८६ आणि १०३ धावा, शिवाय एका डावात ५७ धावांत ७ बळी, असा पराक्रम करून त्यांनी हरत आलेला सामना जिंकून दिला. कसोटी क्रिकेटमध्ये वेस्ट इंडिजचा पहिला बळीही त्यांनीच घेतला. क्षेत्ररक्षण तर असे की, त्या काळच्या जाणकारांनी त्यांच्यासारखा दुसरा पाहिला नव्हता.

पण टाळ्यांनी पोट भरत नाही. ते तोवर हौशी खेळाडू होते. हौशी हा शब्द ऐकायला गोड आहे. ज्याच्या बापाचे मळे आहेत त्याला हौस परवडते. ज्याला दौऱ्यावर जाण्यासाठी कारकुनी सोडावी लागते आणि परत आल्यावर पुन्हा दारोदार नोकरी शोधावी लागते, त्याच्या दृष्टीने हौस म्हणजे उपासमारीचे दुसरे नाव. खुद्द इंग्लंडातही हौशी म्हणजे सभ्य गृहस्थ आणि पैसे घेऊन खेळणारा तो नुसता खेळाडू, असा भेद १९६२ पर्यंत चालू होता. दोघांचे कपडे बदलण्याचे खण वेगळे, काही मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी. कॉन्स्टंटाईन यांनी हे ढोंग झुगारले. १९२९ साली लँकेशायरमधील नेल्सन या कापड गिरण्यांच्या गावाच्या क्लबाशी त्यांनी पगारी करार केला. गिरणी कामगारांच्या त्या गावात ते नऊ मोसम खेळले आणि त्यांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली.

नेल्सनच्या लोकांनी सुरुवातीला त्यांच्याकडे टकामका पाहिले. अनेकांनी तोवर काळा माणूस पाहिलाच नव्हता. शिवीगाळीची निनावी पत्रेही आली. कॉन्स्टंटाईन, त्यांची पत्नी नॉर्मा आणि मुलगी ग्लोरिया तेथून पळाली नाहीत. ती २० वर्षे त्या गावात राहिली आणि गावाने त्यांना आपले मानले. १९३२ मध्ये त्यांचे त्रिनिदादी मित्र, पुढे जगप्रसिद्ध झालेले विचारवंत सी. एल. आर. जेम्स, त्यांच्याच घरी येऊन राहिले. वसाहतींना स्वराज्य मिळावे, अशी मागणी करणारे जेम्स यांचे पहिले पुस्तक कॉन्स्टंटाईन यांच्या पैशाने छापले गेले. खेळाडूच्या घामाचा पैसा विचारांच्या छपाईसाठी खर्च झाला, ही गोष्ट चळवळीने लक्षात ठेवावी अशी आहे. १९३४ साली मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत खेळण्यासाठी कॉन्स्टंटाईन आपल्या देशातही येऊन गेले.

आता कर्णधारपदाची गोष्ट पाहा. वेस्ट इंडिजच्या संघात सर्वांत अनुभवी, सर्वांत चतुर खेळाडू कॉन्स्टंटाईन; परंतु कर्णधार नेहमी गोरा. मार्च १९३५ मध्ये किंग्स्टनच्या कसोटीत शेवटच्या दिवशी गोरा कर्णधार जखमी झाला तेव्हा संघाची सूत्रे कॉन्स्टंटाईन यांच्या हाती आली. वेस्ट इंडिजने तो सामना एक डाव आणि १६१ धावांनी जिंकला आणि मालिकाही जिंकली. तरीही काळ्या माणसाला संपूर्ण मालिकेचे कर्णधारपद मिळायला १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रँक वॉरेल कर्णधार झाले. त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांना वर्तमानपत्रातून मोहीम चालवावी लागली.

आमच्या वाचकांना येथे पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. चांभार समाजात जन्मलेले, पुण्याच्या गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तयार झालेले बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले. परंतु हिंदू संघातून खेळताना त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांच्या फिरकीवर मिळालेला विजय हिंदूंना चालत असे, त्यांनी हात लावलेला पेला चालत नसे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही बराच वाद झाल्यावर. त्रिनिदाद असो वा पुणे, दलिताच्या अंगातले कसब तेवढे वापरून घ्यायचे आणि माणसाला दाराबाहेर उभे करायचे, हीच रीत होती.

दुसऱ्या महायुद्धात कॉन्स्टंटाईन इंग्लंडच्या श्रम मंत्रालयात कल्याण अधिकारी झाले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काम करण्यासाठी आलेल्या वेस्ट इंडियन कामगारांची राहण्याची, कामाची व्यवस्था पाहणे आणि मालकांशी व युनियनशी भांडून त्यांना न्याय मिळवून देणे, हे त्यांचे काम होते. १९४३ च्या जुलैअखेर लॉर्ड्सवर एक सामना खेळण्यासाठी ते लंडनला निघाले. रसेल स्क्वेअरमधील इम्पीरियल हॉटेलात त्यांनी कुटुंबासह चार रात्रींसाठी खोल्या राखून ठेवल्या होत्या. येणारा पाहुणा काळा आहे, त्याला काही हरकत आहे काय, हेही आधीच विचारून घेतले होते. हरकत नाही, असे उत्तर आले होते.

३० जुलैला ते तेथे पोहोचले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, एकच रात्र राहता येईल. कारण काय, तर हॉटेलात अमेरिकन गोरे सैनिक उतरले आहेत, त्यांना काळा माणूस खपणार नाही. श्रम खात्यातील त्यांचे वरिष्ठ सोबत होते. हे गृहस्थ सरकारी अधिकारी आहेत, ब्रिटिश प्रजाजन आहेत, असे त्यांनी सांगून पाहिले. त्यावर हॉटेलच्या व्यवस्थापिकेने काळ्या माणसांसाठी वापरला जाणारा घाणेरडा शब्द वापरून आपला हेका कायम ठेवला. हिटलरच्या वंशद्वेषाविरुद्ध लढत असल्याचे जगाला सांगणाऱ्या देशाच्या राजधानीत हे घडले. कॉन्स्टंटाईन यांना त्याच कंपनीच्या दुसऱ्या हॉटेलात रात्र काढावी लागली.

हे वाचताना बडोदा आठवत नाही असा आंबेडकरी माणूस विरळा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने त्यांना बाहेर काढले. एकाकडे विलायती विद्या होती, दुसऱ्याकडे विलायतभर कीर्ती होती. दोघांनाही रात्रीपुरते छप्पर नाकारले गेले. तेव्हा मोठे व्हा म्हणजे लोक आपोआप मान देतील, हा जो उपदेश आपल्या पोरांना सतत केला जातो, तो किती पोकळ आहे हे या दोन प्रसंगांवरून समजावे.

कॉन्स्टंटाईन यांनी अपमान गिळला नाही. प्रकरण ब्रिटिश संसदेत गाजले आणि त्यांनी हॉटेल कंपनीवर दावा ठोकला. १९४४ च्या जूनमध्ये न्यायमूर्ती बर्केट यांच्यापुढे खटला चालला. वादीच्या बाजूने सर पॅट्रिक हेस्टिंग्ज आणि तरुण महिला बॅरिस्टर रोझ हाईलब्रॉन उभ्या राहिल्या. वादी स्वखुशीने दुसऱ्या हॉटेलात गेला, असा बचाव कंपनीने केला. न्यायमूर्तींनी तो फेटाळला, कॉन्स्टंटाईन यांची साक्ष खरी मानली आणि निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरपाई किती? पाच गिनी. म्हणजे पाच पौंड आणि पाच शिलिंग.

ही रक्कम एवढी क्षुल्लक का, हे समजून घेतले पाहिजे, कारण या लेखाचे मर्म त्यातच आहे. वर्णभेद करणे हा त्या वेळी इंग्लंडच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. कॉन्स्टंटाईन जिंकले ते एका जुन्या नियमाच्या आधारे. वाटसरूला जागा असताना कारणाशिवाय नाकारता येणार नाही, असे बंधन इंग्लंडच्या सामान्य कायद्याने खाणावळवाल्यांवर शतकानुशतके घातलेले होते. वादी काळा असो वा गोरा, तो वाटसरू होता, एवढ्यावर निकाल लागला. पैशाचे नुकसान झालेले नव्हते आणि अपमानाचे मोल करायला कायद्यात तराजू नव्हता. म्हणून नाममात्र पाच गिनी.

आपल्या महाडचे तरी काय झाले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दिवाणी दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. पण तो अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून दिला नव्हता. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही, म्हणून दिला. महाडच्या तळ्यावर आणि रसेल स्क्वेअरच्या हॉटेलात माणूस जिंकला, पण माणूस म्हणून नव्हे. कायद्याच्या एका फटीतून तो आत शिरला. उद्या ती फट बुजवली तर?

बाबासाहेबांनी ही गोष्ट ओळखली होती. म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानात फटीवर भिस्त ठेवलेली नाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जात, धर्म, वंश, लिंग यांवरून आडकाठी करता येणार नाही, असे अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या ब्रिटनला असा पहिला कायदा करायला १९६५ साल उजाडले. आपल्या संविधानाला उठताबसता नावे ठेवणाऱ्यांनी ही तारीख जरूर पाठ करावी.

कॉन्स्टंटाईनही त्याच निष्कर्षाला आले. वकिलाच्या कचेरीत कागद नकलणाऱ्या या माणसाने वयाच्या पन्नाशीनंतर बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा केला. परीक्षा त्यांना सोप्या गेल्या नाहीत, वाचनाची सवय जुनी नव्हती, पण त्यांनी नाद सोडला नाही. १९५४ मध्ये मिडल टेंपलमधून ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी वर्णभेदावरचे त्यांचे ‘कलर बार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मग ते त्रिनिदादला परतले. ज्या तेल कंपनीत पूर्वी ते कारकून होते, त्याच कंपनीत आता सहायक कायदा सल्लागार म्हणून बसले. १९५६ मध्ये एरिक विल्यम्स यांच्या नव्या पक्षाचे ते अध्यक्ष झाले, निवडून आले, मंत्री झाले. १९६१ मध्ये त्यांना लंडनला देशाचे प्रतिनिधी म्हणून पाठवण्यात आले आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ते तेथे पहिले उच्चायुक्त ठरले.

येथे त्यांची खरी कसोटी लागली. १९६३ मध्ये ब्रिस्टल शहरातील बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेत नसे. तेथील काळ्या तरुणांनी ३० एप्रिलपासून बसवर बहिष्कार पुकारला. उच्चायुक्ताने यजमान देशाच्या भानगडीत पडू नये, असा शिष्टाचार आहे. कॉन्स्टंटाईन पडले. त्यांनी उघडपणे कंपनीचा निषेध केला, ब्रिस्टलला जाऊन महापौरांना गाठले, कंपनीच्या वरिष्ठांशी बोलणी केली. २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली आणि सप्टेंबरमध्ये पहिला बिगरगोरा कंडक्टर रुजू झाला. तो एक शीख तरुण होता. काळ्यांनी लढलेल्या लढाईचा पहिला लाभ भारतीयाला झाला, हे ब्रिटनमधील आपल्या बांधवांनी विसरू नये. परंतु कॉन्स्टंटाईन यांच्या स्वतःच्या सरकारला ही ढवळाढवळ रुचली नाही. १९६४ मध्ये त्यांचे उच्चायुक्तपद संपले. खुर्ची आणि समाज यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय निवडले, हे आमच्यातील खुर्चीबहाद्दरांनी पाहून घ्यावे.

१९६५ च्या वंशसंबंध कायद्याने हॉटेलांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद बेकायदा ठरवला. तो राबवण्यासाठी १९६६ मध्ये तीन जणांचे मंडळ नेमण्यात आले. त्या तिघांत कॉन्स्टंटाईन होते. ज्याला १९४३ मध्ये हॉटेलातून घालवले, तोच माणूस आता हॉटेलवाल्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकू लागला. कायदा दुबळा होता, नोकरी आणि घरे त्यातून वगळली होती. ती १९६८ च्या कायद्याने आत आली. १९६९ मध्ये कॉन्स्टंटाईन यांना उमरावपद मिळाले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारे ते पहिले काळे गृहस्थ. आपल्या पदवीत त्यांनी त्रिनिदादमधले मारावाल आणि गिरणी कामगारांचे नेल्सन अशी दोन्ही नावे घेतली. १ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्रिनिदादने शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला आणि देशाचा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. अखेरच्या वर्षांत काही तरुण काळ्या कार्यकर्त्यांना ते फार मवाळ, सरकारदरबारी रमलेले वाटले. ही टीका सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. प्रस्थापित व्यवस्था आपल्यातल्या एकाला उचलून दिवाणखान्यात बसवते आणि बाकीच्यांना तो दाखवून गप्प करते, हा अनुभव आपल्यालाही आहे. पळवणकर बाळूंचा आम्हाला अभिमान आहे. तरीही १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु दिवाणखान्यात बसलेला प्रत्येक जण शोभेची बाहुली नसतो. आत बसून तो काय करतो, यावर त्याची किंमत ठरते. कॉन्स्टंटाईन यांनी आत बसून बस कंपनीचे दार उघडायला लावले.

आज आमच्या समाजातून अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, वकील, खेळाडू आणि कलावंत मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. ही बाबासाहेबांची पुण्याई. मात्र त्यांच्यापैकी अनेकांना शहरात घर भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते आणि मग खोली अचानक दुसऱ्याला दिलेली असते. यातले बहुतेक जण निमूटपणे दुसरे घर शोधतात. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण कॉन्स्टंटाईन यांनाही त्या रात्री दुसरी खोली मिळालीच होती. तेवढ्यावर समाधान मानून ते झोपी गेले असते तर कोणाचे काहीच बिघडले नसते, आणि काही बदललेही नसते. त्यांच्या हाती तेव्हा फक्त खाणावळवाल्यांचा जुनापुराणा नियम होता. आपल्या हाती संविधान आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. जेथे अपमान होईल तेथे तक्रार नोंदवा, साक्षीदार उभे करा, वकील द्या, शेवटपर्यंत लढा. पदरात पाच गिनीच पडल्या तरी चालतील. निकाल मात्र कागदावर आला पाहिजे.